काय ऐकतोयस, आणि कशावर?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. आपल्या मधल्या सुट्टीपेक्षा जास्त आहेत, म्हणून तक्रार नाही. विषयही त्यांनीच दिला. आपल्या वर्गातले पाच-सहा जण गेली काही वर्षं दर रविवारी एकमेकांना शास्त्रीय संगीत पाठवतात, त्याबद्दल बोल, असं सांगितलं. बऱ्याच जणांना हे ठाऊक आहे, कारण सुरुवातीला हा उद्योग आम्ही वर्गाच्या मोठ्या गटावर करत होतो आणि तिथून आम्हाला प्रेमाने हाकलण्यात आलं. वाढदिवसाच्या केकच्या फोटोंमध्ये मारवा कडमडतो, अशी तक्रार होती. रास्त होती.

मंडळी कोण, ते आधी सांगते. नावं घेत नाही, कारण गटातही आम्ही एकमेकांना गावांवरूनच हाक मारतो. एक पुणेकर. तो डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला जातो आणि पुढचे अकरा महिने त्याबद्दल बोलतो. एक वापीकरीण, तिच्याकडे गाण्याच्या परीक्षांची प्रमाणपत्रं आहेत आणि तिच्याशी रागाबद्दल वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही. एक न्यूजर्सीवाला. एक तलासरीकर, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मी इथे डहाणूत. आणि आमच्यात वयाने मोठे एकच, आपले इतिहासाचे सर. ते समोर बसले आहेत. सर, आज मशीन कानात आहे ना? आहे. मग मला जपून बोलायला हवं.

सरांची आठवण वसतिगृहातल्या मुलांना जास्त असेल. शनिवारी रात्री त्यांच्या खोलीत ट्रान्झिस्टरवर आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा. तो कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला, म्हणजे आपल्या जन्माच्या आधीपासून चालू होता. दाराबाहेर चपला काढून कोणीही जाऊन बसावं. सर काही समजावून सांगत नसत. फक्त मधेच बोट वर करायचे. त्या बोटाचा अर्थ असा की आत्ता जे झालं ते ऐकलंत का. आम्ही गावातल्या मुली तिथे कधी गेलो नाही, पण तलासरीकर सांगतो की त्याला राग एकही कळत नव्हता, सरांचं बोट मात्र कळायचं.

गट वेगळा झाला तेव्हा नियम सरांनीच घातले. आठवड्याला एकाने एकच गोष्ट पाठवायची. 'छान आहे, नक्की ऐका' असं लिहिलं तर ते पाठवलेलं धरलं जाणार नाही. कितव्या मिनिटाला काय होतं ते लिहायचं, म्हणजे सरांचं ते बोट. आणि तिसरा नियम आम्हाला तेव्हा अगदीच किरकोळ वाटला होता. आपण ते कुठे बसून आणि कशावर ऐकलं, तेही लिहायचं. मला आज जे सांगायचं आहे ते सगळं या तिसऱ्या नियमाबद्दल आहे, पण तिथे जाण्याआधी थोडी चव देते.

वापीकरणीने एकदा किशोरीताई आमोणकरांचा भूप पाठवला, 'सहेला रे'. सोबत लिहिलं की यात गंधाराकडे परत परत कसं येणं होतं ते मोजा, आणि मग कोणाचाही देसकार लावा. दोन्ही रागांत तेच पाच स्वर, पण देसकारात मुक्काम धैवतावर. न्यूजर्सीवाल्याने मोजलं. तो अभियंता आहे, त्याने खरंच कागदावर रेघा मारून मोजलं आणि आकडे पाठवले. पुणेकर चिडला, गाणं म्हणजे काय जमाखर्च आहे का म्हणाला. दोन आठवडे तो वाद चालला. पण सांगते, त्यानंतर भूप आणि देसकार यांत माझी गल्लत होत नाही.

न्यूजर्सीवाल्याने केसरबाई केरकरांची भैरवी पाठवली, साडेतीन मिनिटांची. ही बाई गोव्यातल्या केरी गावची, जन्म १८९२ चा, अल्लादियाखाँसाहेबांची शिष्या. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली, त्यांवर पृथ्वीवरचे आवाज भरलेली सोनेरी तबकडी आहे आणि त्या तबकडीवर ही भैरवी आहे. व्हॉयेजर एक ५ सप्टेंबरला निघालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. आता ते यान सूर्यमालेच्या वाऱ्याबाहेर पोचलं आहे. हे सगळं लिहून त्याने खाली तिसऱ्या नियमाप्रमाणे लिहिलं, 'बर्फ साफ करताना, कानात बोंडं घालून ऐकलं.' यावर वापीकरणीचं उत्तर आलं की यानावर कोणी ऐकत नाही आणि तूही नीट ऐकत नाहीस, मग केसरबाईंनी गायचं कोणासाठी?

मी स्वतः बहुतेक गाणं विरार-डहाणू गाडीत ऐकलेलं आहे. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली, त्याआधी मेमू आणि शटल. अमीरखाँसाहेबांचा मारवा मी सफाळे ते वाणगाव या टप्प्यात किती वेळा ऐकला असेल, सांगता येत नाही. मारव्यात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि षड्जावर टेकायचं शक्यतो टाळतात. त्यामुळे ऐकणाऱ्याला सारखं वाटत राहतं की आता घर येईल, आता येईल. गाडी सिग्नलला अडकलेली असताना हा राग ऐकू नये असं माझं मत आहे. पुणेकराला ते पटत नाही, पण त्याला विरारहून उभं राहून घरी यायचं नसतं.

आता तिसऱ्या नियमाकडे येते.

नोव्हेंबर २०१८ आठवा. आपल्यापैकी जे बाहेरगावी आहेत त्यांनी फक्त बातम्यांत वाचलं असेल. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के सुरू झाले. मोठा एक येऊन गेला असं नव्हे. लहान लहान, शेकड्यांनी, दिवसा, रात्री, महिनोन्‌महिने. भिंतींना तडे गेले. लोक थंडीत बाहेर झोपायला लागले, ताडपत्री बांधून, काही ठिकाणी सरकारने दिलेल्या तंबूंत. तलासरीकराची शाळा झाडाखाली भरू लागली आणि त्याचं घरही अंगणात आलं. बायको, दोन मुलं, आई.

त्या धक्क्यांना आवाज होता. जमिनीतून गडगड येते, मग भांडी वाजतात. कधी दोन्ही एकदमच. तिथल्या माणसांना सवय लागली की रात्री ट्रक गेला तरी उठून बसायचं. एका रविवारी तलासरीकराची पाळी होती. त्याने दोन ओळी लिहिल्या. या आठवड्यात काही ऐकलं नाही. कान जमिनीला लावलेला आहे, गाण्याला द्यायला दुसरा नाही.

आम्ही काय करणार? पैसे, ताडपत्र्या, पांघरुणं, जे वर्गाने तेव्हा गोळा केलं ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्याबद्दल आज बोलत नाही. पण रविवार आला की प्रश्न उरायचा, याला पाठवायचं काय? तो स्वतःच म्हणाला की पाठवा काहीतरी, रात्री तीनला जाग असते आणि मुलं घाबरलेली असतात.

पुणेकराने विचार करून, खरंच मनापासून, उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांची रुद्रवीणा पाठवली. पनवेलजवळ पळस्प्याला ज्यांचं गुरुकुल आहे, ते डागरसाहेब. लांब, संथ आलाप. तबला नाही, म्हणजे दचकवणारा ठोका नाही. निवड पहिल्या प्रतीची होती. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'पुणेकरा, मला यात काही ऐकूच येत नाही. मधून मधून कोणीतरी लांबवर तार छेडल्यासारखं होतं, बाकी सामसूम.'

कारण साधं होतं. तो फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐकत होता. कानात बोंडं घालून झोपणारा बाप त्या दिवसांत कोणाला परवडला असता? आणि फोनचा स्पीकर म्हणजे नखाएवढी वस्तू, त्यातून खालचे स्वर नीट निघतच नाहीत. काळी एकचा मधला षड्ज सेकंदाला साधारण १३९ कंपनांचा आणि त्याचा खर्ज त्याच्या निम्मा, ६९. एवढ्या खालचं फोनमधून जवळजवळ बाहेर येत नाही, आणि रुद्रवीणेचं तर सगळं वैभव तिथेच, खाली. म्हणजे पुणेकर पुण्यात मोठ्या स्पीकरवर ज्या गोष्टीने हलून गेला होता, ती तलासरीला पोचलीच नव्हती.

मग अमीरखाँचा दरबारी झाला. तोच त्रास, आणि वर दुसरा. विलंबितात दोन स्वरांमध्ये खाँसाहेब थांबतात, आणि अशा रात्री शांतता झाली की माणूस जास्तच कान टवकारतो. वापीकरणीने तराणा पाठवला तर धाकटा मुलगा उठून रडायला लागला. मी काय पाठवलं होतं ते आठवत नाही, म्हणजे ते फार उपयोगाचं नसावं.

शेवटी सरांनी अब्दुल करीमखाँसाहेब पाठवले. झिंझोटीतली ठुमरी, जुनी तबकडी. पंडित भीमसेन जोशी सांगत असत की लहानपणी गदगला दुकानात लागलेली ही तबकडी ऐकून आपण घर सोडून गुरू शोधायला पळालो. पण सरांनी ती भीमसेनांसाठी निवडली नव्हती. त्यांनी लिहिलं होतं की जुन्या तबकड्यांत खालचा आवाज मुळातच कमी उतरायचा, करीमखाँसाहेब चढ्या पट्टीत गायचे, आणि आवाज सुईसारखा नेमका. जे त्या तबकडीत आहे ते बहुतेक सगळं फोनमधूनही निघेल. शिवाय तीन-सव्वातीन मिनिटांचं आहे. रात्री मध्येच उठावं लागलं तर काही अर्धवट राहणार नाही. आणि फोन स्टीलच्या पातेल्यात ठेव.

पातेल्याची गोष्ट ज्यांनी करून पाहिली नसेल त्यांनी पाहावी. फोन रिकाम्या पातेल्यात ठेवला की आवाज गोळा होऊन वर येतो. ग्रामोफोनचं कर्णं तरी दुसरं काय करायचं!

ते चाललं. त्या आठवड्यात तलासरीकराने लिहिलेलं मी जपून ठेवलं आहे, त्याच्या परवानगीने सांगते. पहिल्या रात्री त्याने ती तबकडी चार वेळा लावली. दुसऱ्या रात्री शेजारच्या ताडपत्रीतून निरोप आला, तो कालचा माणूस पुन्हा लावा. त्याची आई, जिला हिंदी येत नाही, ती ऐकून म्हणाली, ह्याला झोप येत नाही वाटतं. शब्द तिला कळले नव्हते. त्या ठुमरीत नेमकं तेच आहे, प्रिय माणूस नाही म्हणून जिवाला चैन पडत नाही.

त्यानंतर सरांनी आणि मी मिळून दर आठवड्याला दोन-तीन जुन्या तबकड्या शोधून पाठवल्या. करीमखाँसाहेबांची आणखी, हिराबाई बडोदेकरांच्या, द. वि. पलुसकरांच्या. हिराबाई करीमखाँसाहेबांच्या कन्या, त्यांचा आवाजही फोनला मानवणारा. पलुसकर १९५५ साली चौतिसाव्या वर्षी गेले, पण तेवढ्यात त्यांनी जे तीन-तीन मिनिटांत मांडून ठेवलं आहे त्याला तोड नाही. पुण्यात बसून पुणेकर थोडा नाराज होता, की एवढा मोठा खजिना असताना आपण याला तुकडे पाठवतोय. मला ते तुकडे वाटत नाहीत. ज्या गवयाला माहीत होतं की सुई तीन मिनिटांनी थांबणार, त्याने त्या तीन मिनिटांत बसेल असंच गाणं बांधलं. तासाभराच्या मैफलीचा तो कापलेला भाग नाही.

१ फेब्रुवारी २०१९ ला त्या मालिकेतला मोठा धक्का बसला, ४.१ चा. आमच्याकडे डहाणूतही खिडक्या वाजल्या. मी त्याला फोन करत राहिले, लागत नव्हता. तासाभराने निरोप आला, 'सगळे ठीक. पातेलं पडलं.' मी त्या दोन शब्दांवर इतकी हसले की नंतर रडू आलं.

धक्के पुढेही येत राहिले, पण माणसं हळूहळू घरात गेली. पुढच्या वर्षी मुलीने त्याला कानात घालायची चांगली बोंडं आणून दिली, आणि त्याने सगळ्यात आधी काय केलं असेल तर पुणेकराची ती रुद्रवीणा पुन्हा लावली. रविवारी त्याचं लिखाण आलं, आमच्या गटातलं सगळ्यात मोठं. त्यातलं पहिलं वाक्य असं, 'अरे, ही तर घांगळी!'

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घांगळी हे वारल्यांचं तंतुवाद्य. बांबूची दांडी आणि तिला दोन वाळलेले भोपळे. भगत ते वाजवून कणसरीची कथा गातो, कणसरी म्हणजे धान्याची देवी. आणि रुद्रवीणा? पोकळ दांडी आणि तिला दोन भोपळे. आकार, किंमत, पडदे, वाजवण्याची रीत, सगळं वेगळं, पण दोघींना शेजारी ठेवलं तर बहिणी नाही तरी एका गावच्या वाटतील. तलासरीकराच्या घरात ती होती. चुलते भगत. आपल्या शाळेत तो सहा वर्षं होता, गॅदरिंगमध्ये आपण तारपा नाच दर वर्षी बसवायचो, पण घांगळीबद्दल त्याला कधी कोणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं. तारपा मैदानात वाजतो, तो सगळ्यांना दिसतो. घांगळी रात्रीची आणि घरातली.

पुणेकराने उलट टपाली विचारलं, राग कोणता? उत्तर आलं, कणसरीचा.

यावर गटात जे झालं ते थोडक्यात सांगते, कारण वाद अजून मिटलेला नाही. न्यूजर्सीवाल्याचं म्हणणं की याला शास्त्रीय म्हणायला काय हरकत आहे, गुरू आहे, परंपरा आहे, नियम आहेत. तारपाही घ्या, वाजवणारा गाल फुगवून श्वास न तोडता तासन्‌तास वाजवतो, त्याची धून बदलली की नाचणाऱ्यांची पावलं बदलतात, हे काय शिक्षणाशिवाय येतं? वापीकरीण म्हणते, रागाची मांडणी नाही तिथे शास्त्रीय हा शब्द लावू नये, त्याने कोणाचाच मान वाढत नाही. मी वापीकरणीच्या बाजूची आहे. घांगळीला आपल्या प्रमाणपत्राची गरज आहे असं मला वाटत नाही. तलासरीकराला विचारलं तर तो म्हणाला, तुम्ही ठरवा काय ते, चुलत्यांना सांगू नका, ते हसतील.

पण नियम त्यालाही लागू होते. त्याने चुलत्यांना विचारून बारा मिनिटं ध्वनिमुद्रित केली आणि पाठवली. खाली लिहिलं होतं, 'आमच्या ओट्यावर, रात्री, फोनवरच. चौथ्या मिनिटाला आवाज खाली येतो तिथे कणसरी रुसून निघते. सातव्या मिनिटाला कोंबडा आहे, तो शेजाऱ्यांचा. बोंडं घालूनच ऐका, नाहीतर तुम्हाला सामसूम वाटेल.' शेवटचं वाक्य पुणेकरासाठी होतं, हे सगळ्यांना कळलं. पुणेकराने ते पाच वेळा ऐकलं आणि पहिल्यांदाच साथीला कोण होतं असं विचारलं नाही.

आता सरांबद्दल, आणि हे आपल्या सगळ्यांच्या वयाला लागू आहे म्हणून लक्ष द्या. करोनाच्या दुसऱ्या वर्षी सरांचे रविवार यायचे थांबले. आम्हाला वाटलं तब्येत. मी घरी गेले तर तब्येत ठणठणीत. नवीन मशीन लावलं होतं. बोलणं छान ऐकू यायचं, पण गाणं लावलं की तानपुरा वर-खाली व्हायचा, मधेच नाहीसा व्हायचा, बासरी लावली तर कर्कश शिट्टी. सरांनी निष्कर्ष काढला होता की आपले कान गाण्यासाठी संपले. हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मला काय बोलावं सुचेना.

ते कान संपलेले नव्हते. कानातली मशीनं बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून बनवलेली असतात. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा, मोटर, गोंगाट, असं ती समजतात आणि तो दाबतात. तानपुरा एकसारखाच चालतो, मग तोही दाबला जातो. लांब धरलेला सूर आला की आपलीच शिट्टी वाजतेय असं समजून मशीन त्याच्यावर तुटून पडतं. आणि हळू-मोठा यातला फरकही ते कमी करतं, म्हणजे गाण्यातला अर्धा जीव गेला. कानाच्या तपासणीवाल्याला सांगितलं तर बऱ्याच मशीनांत संगीतासाठी वेगळी जुळणी करून मिळते, ज्यात ही सगळी राखणदारी बंद किंवा कमी असते. बटण दाबलं की ती लागते. आपण मागायला हवं, कारण ते आपणहून विचारत नाहीत की तुम्ही गाणं ऐकता का. सरांना ती जुळणी करून मिळाली. पहिल्यासारखं नाही, असं ते म्हणतात. पण पुढच्या रविवारी त्यांनी फिरोज दस्तूर पाठवले, आणि मिनिट लिहिलं होतं.

दस्तूरजी म्हणजे सवाई गंधर्वांचे पारशी शिष्य, भीमसेनांचे गुरुबंधू. आपल्या डहाणूत जन्मभर पारशी-इराण्यांच्या वाड्यांशेजारी राहून मला ते सरांकडून कळावे, हेही आहेच.

दोन कामाच्या गोष्टी सांगते आणि थांबते.

पहिली, कॅसेटी. माझं बोलणं आहे हे कळल्यावर अकरा जणांनी मला सांगितलं की घरी खोकाभर कॅसेटी पडल्यात, त्यांचं काय करू. बाजारात मिळणाऱ्या कॅसेटींचं काहीच करू नका, ते सगळं आता कुठेही ऐकता येतं. पण ज्या कॅसेटवर हाताने लिहिलेलं असेल, आत्याचं गाणं, वाडीतल्या गणपतीतलं भजन, आजोबांचं हार्मोनिअम, ती वेगळी काढा. आपल्या खाऱ्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी येते. ती दिसली तर टेपमध्ये घालू नका, एका कॅसेटची बुरशी टेपमधून दुसरीला लागते. बुरशी नसेल तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं चिकटलेली फीत सुटी होते, मगच वाजवा. मी आणि वापीकरीण मिळून त्या उतरवून द्यायला तयार आहोत. एका वेळी एका माणसाच्या तीन कॅसेटी, त्याहून जास्त नाही.

दुसरी, घांगळी. तलासरीकराचे चुलते आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या पाड्यावर त्यांच्यानंतर कणसरीची कथा पूर्ण येणारा कोणी नाही. एका पुतण्याला वाद्य येतं, कथा अर्धीच. बारा मिनिटं आपल्याकडे आहेत, कथा रात्रभर चालते. भाताची कापणी झाली की दोन रात्री बसायला ते तयार आहेत. त्यांच्या अटी आहेत आणि त्या आम्ही मान्य केल्या आहेत. विधीचा जो भाग बाहेर न्यायचा नाही तिथे ते हात वर करतील, तेव्हा यंत्र बंद करायचं. जे होईल ते आधी पाड्यावर राहील, त्या पुतण्याकडे. आपल्याला किती द्यायचं ते ते ठरवतील, कदाचित काहीच देणार नाहीत. हे मान्य असेल त्यांनीच यावं. आम्हाला हवा आहे तो बऱ्यापैकी माईक, तो हाताळणारा एक जण, आणि दोन रात्री न बोलता बसू शकणारी माणसं. आपल्या वर्गात शेवटची अट कोणाला जमेल याबद्दल मला शंका आहे, पण नावं तलासरीकराकडे द्या. तो त्या खांबाशी उभा आहे आणि मी त्याचं नाव घेतलं नाही म्हणून खूष आहे.

जेवणानंतर आठवी 'ब' च्या जुन्या वर्गात आम्ही थोडं ऐकणार आहोत. पुणेकराने मोठे स्पीकर आणले आहेत, गाडी भरून. क्रम असा आहे की आधी करीमखाँसाहेबांची झिंझोटी, मग डागरसाहेबांच्या आलापातली दहा मिनिटं, मग ती बारा मिनिटं, कोंबड्यासकट. स्पीकरपासून सगळ्यात दूर, खिडकीशी असलेली खुर्ची सरांची आहे, मोठा आवाज त्यांच्या मशीनला सोसत नाही. तिथे कोणी बसू नये. पातेलं मी घरून आणलं आहे, ज्यांना खरं वाटत नाही त्यांनी आपापला फोन घेऊन यावं. चहा साडेचारला आहे, त्याआधी उठू नये.